रविवारची मंडळी : कार्यकर्त्याने काय पाहावे?

दलित समाजाच्या धर्मांतराची चर्चा आपल्याकडे साधारणपणे १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्यापासून सुरू होते आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरला येऊन स्थिरावते. हे स्वाभाविकच आहे. परंतु येवल्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीपासून महाराष्ट्राच्या काही भागांत महार आणि मांग कुटुंबे ख्रिस्ती होऊ लागली होती. त्यांची पणतवंडे आज आपल्याच शेजारी राहतात. कुठे आपल्या आणि त्यांच्या घरांमध्ये फक्त एक बोळ असतो. ही माणसे आपल्याला ऊसतोडीच्या टोळीत भेटतात, रेशनच्या रांगेत भेटतात, निवडणुकीत भेटतात. दर रविवारी सकाळी ती जिथे एकत्र जमतात, तिथे मात्र आपल्यापैकी क्वचितच कोणी पाऊल टाकलेले असते.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार होती आणि बौद्धांची ६५ लाखांवर. ख्रिस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई-वसईची उंच मनोऱ्यांची चर्चे येतात. नगर किंवा जालना जिल्ह्यांतील खेड्यांत पूर्वाश्रमीच्या महारवाड्याला लागून उभी असलेली कौलारू किंवा पत्र्याची खोली येत नाही. या लेखात मी बोलतो आहे ते त्या खोलीविषयी.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. खेड्यातील छोटी मंडळी ही अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या चालविलेली एक साप्ताहिक सभा आहे. तिच्या देवाविषयी आपले मत काहीही असो. त्या दीड तासात समतेचा कोणता व्यवहार प्रत्यक्ष घडतो आणि तो दाराबाहेर पडताना कुठे अडतो, हे तपासण्यासाठी आपण तिथे जाऊन बसले पाहिजे. श्रद्धेने जायचे कारण नाही, पण उपहासानेही जाऊ नये.

हा विषय मला पुस्तकांतून सुचलेला नाही. मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझ्या वर्गात बौद्ध, मातंग आणि ख्रिस्ती मुले एकाच वस्तीतून, एकाच एस.टी.ने येतात. त्यांपैकी दोन मुले एकाच पणजोबाची. एकाच्या दाखल्यावर ‘अनुसूचित जाती’ असे लिहिलेले, दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘इतर मागास वर्ग’. दुसऱ्याने मला एकदा विचारले, “सर, आमचा पणजोबा एक, मग आम्ही दोन कसे?” हा प्रश्न कायद्याचा आहे तसाच समाजशास्त्राचाही आहे. त्याचे उत्तर शोधताना मी रविवारच्या उपासनेपर्यंत पोचलो.

मंडळी कशी उभी राहिली?

अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे उभारले. उच्चवर्णीय आधी येतील आणि त्यांच्यामागून इतर समाज येईल, अशी अपेक्षा त्या काळातील बऱ्याच मिशनऱ्यांनी बाळगली होती. थोडे ब्राह्मण आलेही. परंतु खेड्यांत जी मंडळी उभी राहिली ती मुख्यतः महारांची, आणि पुढे काही ठिकाणी मांगांची. नगरलाच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे पत्र निघाले. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग मुलीचा महारामांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली याच ‘ज्ञानोदया’ने छापला. दलित स्त्रीच्या छापील शब्दाचा इतिहास सांगताना आपण मुक्तेचे नाव अभिमानाने घेतो. तो शब्द ज्या पत्राने छापला ते मंडळीच्या वर्तुळातले होते, एवढी नोंदही त्याबरोबर राहिली पाहिजे.

१८७६-७८ च्या आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांनंतर ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या वाढली. त्यावरून ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा गावाने दिला आणि तो आपल्यापैकी काहींनीही न तपासता उचलला. गावकुसाबाहेरच्या माणसाचे पोट कोणी रिकामे ठेवले होते, हे टोमणा मारणारा विचारीत नाही. शिवाय दुष्काळ सरला, मिशनची मदतही पुढे आटली. तरी ही कुटुंबे चार-पाच पिढ्या मंडळीत टिकून राहिली. धान्य संपल्यावर माणसे का थांबली, याचे उत्तर धान्यात सापडणार नाही. ते मंडळीच्या रचनेत शोधावे लागेल.

येथे एका शब्दाचा खुलासा करतो. ख्रिस्ती मराठीत ‘मंडळी’ म्हणजे इमारत नव्हे; ती माणसे. इमारतीला चर्च म्हणतात, कुठे देऊळही म्हणतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंघटना एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. नगर भागातल्या जुन्या मिशनच्या पुष्कळ मंडळ्या त्यात सामील आहेत. यांखेरीज कॅथलिक आहेत. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावची मतमाउलीची यात्रा त्यांचीच. अलीकडे कुठल्याही मोठ्या संघटनेत नसलेल्या स्वतंत्र मंडळ्याही घराच्या पडवीत किंवा भाड्याच्या खोलीत भरतात. या तिन्हींच्या उपासनेची पद्धत वेगळी आहे. मी पुढे वर्णन करतो आहे ती पहिल्या प्रकारची.

जाण्यापूर्वी

प्रथम पाळकसाहेबांना किंवा मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला निरोप द्यावा. उपासना सर्वांना खुली असते, परवानगीची गरज नसते. तरीही निरोप द्यावा. ओरिसाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे केले. त्यानंतर इतरही अनेक राज्यांनी तसे कायदे केले. धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. या साऱ्या वातावरणात मागच्या रांगेत वही उघडून बसलेला अनोळखी माणूस छोट्या मंडळीला धास्ती देऊ शकतो. आपण अभ्यासाला आलो आहोत हे त्यांना आधी कळले पाहिजे. मोबाइल खिशात ठेवावा, फोटो काढू नयेत.

दुसरा प्रश्न बौद्ध कार्यकर्ता हमखास विचारतो : बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तिथे बसावे काय? बसावे. सभेत बसणे म्हणजे उपासना करणे नव्हे. लोक उभे राहिले की शिष्टाचार म्हणून उभे राहावे. ते आपला विश्वास एकत्र म्हणू लागले की आपण गप्प राहावे. आपल्या विहारात वंदनेच्या वेळी आलेल्या पाहुण्याकडून आपण याहून वेगळी अपेक्षा करीत नाही.

आता उपासनेत काय घडते ते पाहू. मी चार गोष्टींकडे लक्ष द्या असे सुचवीन : जागा, शब्द, हिशेब आणि प्याला.

१. जागा

मी गेलो ते चर्च एका मोठ्या खोलीएवढे होते. दाराशी चपला, आत सतरंज्या, भिंतीकडेला म्हाताऱ्यांसाठी चार बाके. एका बाजूला स्त्रिया, दुसऱ्या बाजूला पुरुष. समोर एक मेज, त्यावर पांढरे कापड, साधा लाकडी क्रूस. पेटी आणि तबला मेजाच्या डावीकडे. मी दाराजवळ बसू लागलो तेव्हा एक आजी म्हणाल्या, “सर, तिथं नका बसू. पुढं या. मागं उशिरा येणाऱ्यांनी बसायचं असतं.”

बसण्याची जागा ही आपल्या समाजाला किरकोळ गोष्ट नाही. शाळेत दाराबाहेर, हॉटेलात वेगळ्या बाकावर, देवळात पायरीखाली अशी आपली जागा ठरलेली होती. मंडळीत जागा ठरते ती वयावरून, तब्येतीवरून आणि वेळेवर येण्यावरून. एवढ्या साध्या नियमाने माणसाच्या अंगात काय बदल होतो, हे सतत दाराबाहेर उभे राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

परंतु सगळीकडे असे झाले नाही. मद्रास इलाख्यात ख्रिस्ती झालेल्या उच्च जाती आपापली जात घेऊनच चर्चमध्ये शिरल्या. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ साली, जात पूर्णपणे टाकलीच पाहिजे, असा आदेश काढावा लागला आणि तंजावर भागात त्याला मोठा विरोध झाला. तिरुनेलवेली भागातील वडक्कनकुळम येथे कॅथलिक चर्चमध्ये वेल्लाळ आणि नाडार यांना वेगळे बसविण्यासाठी मधे भिंत होती. ती विसाव्या शतकाच्या आरंभी पाडली गेली. नगरच्या खेड्यात अशी भिंत नव्हती याचे एक कारण उघड आहे. तिथे वेगळे बसवायला दुसरी जातच आली नव्हती. तेव्हा जागा पाहताना हा प्रश्न मनात ठेवावा : येथे समता आहे ती जात मोडल्यामुळे, की एकाच जातीची माणसे असल्यामुळे? ज्या मंडळीत पूर्वाश्रमीचे महार आणि पूर्वाश्रमीचे मांग दोघेही आहेत, तिथे तो अधिक बारकाईने विचारावा.

२. शब्द

घंटा झाली की गीत सुरू होते. बाहेरच्या माणसाला वाटते, विलायती चाल ऐकायला मिळेल. तशा चालीही असतात. पण पुष्कळ गीते अभंगाच्या, ओवीच्या, पदांच्या वळणाची असतात. बहुतेकांच्या हातात ‘उपासना संगीत’ हे पुस्तक असते. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मराठी भजनाचा हा घाट मंडळीत रुजविला आणि तो टिकला. ख्रिस्ती कीर्तनाची परंपराही नगरकडे जुनी आहे.

येथेच एक विचार करण्यासारखा आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास म्हटला की टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई, बाबा पदमनजी ही नावे येतात. त्यांत पूर्वाश्रमीचा महार किंवा मांग नाही. सतरंजीवर बसलेली शेकडो कुटुंबे ज्यांची, त्यांच्यातून निघालेले मास्तर, उपदेशक, कीर्तनकार यांची नावे मंडळीच्या जुन्या दफ्तरात पडून आहेत. दलित साहित्याच्या अभ्यासकाने हे दफ्तर उघडण्याची वेळ आली आहे.

गीतानंतर पापांगीकार होतो. सर्व मंडळी मान खाली घालून आपण चुकलो असे देवापुढे म्हणते. हा भाग कार्यकर्त्याने सर्वांत जास्त लक्ष देऊन ऐकावा, कारण बाबासाहेबांचा या धर्मावरील मुख्य आक्षेप येथे लागू पडतो. धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीविषयीच्या त्यांच्या लेखनाचा आशय असा आहे : हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले जाते की तुझी अवस्था तुझ्या कर्मामुळे आहे, ख्रिस्ती झाल्यावर सांगितले जाते की ती पूर्वजांच्या पापामुळे आहे, दोन्हीकडे समाजरचना सुटून जाते आणि दोष माणसाच्या माथी येतो. हे लेखन त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नव्हते. १९८९ साली निघालेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या इंग्रजी पाचव्या खंडात ते आले. आपण त्या खोलीत बसलो की हा आक्षेप कानात ठेवावा. ज्याच्यावर अन्याय झाला तोच क्षमा मागतो आहे काय? की ‘आम्ही’ या शब्दात अन्याय पाहून गप्प राहण्याचे पापही मोजले जाते आहे? उत्तर प्रत्येक मंडळीत वेगळे मिळेल. ते पाळकाच्या उपदेशावर अवलंबून असते.

मग शास्त्रवाचन. हे काम पाळकाने करायचे नसते. मंडळीतील कोणीतरी उठून करते. मी गेलो त्या दिवशी पस्तिशीतली एक बाई वाचायला उठली. वाचन निर्गम या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाचे होते. मिसरच्या राजाने गुलामांना विटांसाठी पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र कमी करायची नाही असा हुकूम काढला, अशी ती कथा. ओळीवर बोट ठेवून, सावकाश, एकही शब्द न गाळता तिने ती वाचली. ती हंगामात वीटभट्टीवर जाते हे मला नंतर कळले. खोलीतल्या बहुतेकांना हजार विटांमागे काय मिळते ते ठाऊक होते. उपदेशात पाळकसाहेबांनी मुकादमाच्या उचलीचा उल्लेख केला असता तर ती कथा आणखी पुढे गेली असती. त्यांनी ती आत्म्याच्या गुलामगिरीकडे वळविली आणि संपविली.

कथा जवळ आहे, पण उपदेश तिच्यापर्यंत पोचत नाही, हे दुखणे ख्रिस्ती दलितांनी स्वतःच ओळखलेले आहे. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईशज्ञानाच्या मांडणीला सुरुवात झाली असे मानतात. देशोदेशी भटकणाऱ्या, राबविल्या गेलेल्या पूर्वजांची आठवण ठेवूनच विश्वास उच्चारला पाहिजे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. त्यासाठी त्यांनी बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायाचा आधार घेतला. म्हणजे पूर्वाश्रमीची जात लपवून ख्रिस्ती व्हायचे नाही. ती ओळख सांगून व्हायचे. ही जाणीव आपल्या साहित्याच्या जाणिवेची सख्खी बहीण आहे. खेड्यातल्या पाळकापर्यंत ती किती पोचली, हे उपदेश ऐकून कळते.

३. हिशेब

उपदेशाच्या आधी किंवा नंतर दान गोळा होते. कापडी पिशवी किंवा ताटली फिरते. पाहुण्याने काही टाकलेच पाहिजे असे नाही. टाकल्यास कोणी मोजत नाही. कापणीच्या सणाला लोक धान्य, अंडी, कोंबडी, भाजी आणतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या खात्यात जमा होतात. शंभराची कोंबडी चारशेला जाते आणि सगळे हसतात.

येथे आपण वही पाहायला मागावी. जुन्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि मृत्यूची नोंदवही असते. जमाखर्चाची वही असते. पंचांच्या सभेचे इतिवृत्त असते. पंच सभासदांतून निवडले जातात. ज्या माणसांच्या जन्माची तारीख शाळेत मास्तरांनी अंदाजाने घातली, त्यांच्या जन्माची नोंद मंडळीच्या वहीत त्याच महिन्यात झालेली सापडते. गावाच्या पंचायतीत ज्यांना बोलू दिले जात नव्हते, त्यांनी येथे ठराव मांडले, अनुमोदन दिले, हिशेबावर शंका काढल्या. भांडणेही झाली. मिशनच्या जमिनींवरून आणि इमारतींवरून कोर्टकज्जे चालू असलेल्या मंडळ्या आहेत, आणि त्यांत शहरातले शिकलेले पुढारी खेड्यातल्या सभासदांना विचारीत नाहीत अशी तक्रार मी ऐकली आहे. तरी सभा चालविण्याची सवय ही मोठी गोष्ट आहे.

याबरोबर आपल्या विहाराचा विचार मनात येतो. पुष्कळ गावांत आपला विहार १४ एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला भरतो. वर्षावासात कुठे ग्रंथवाचन होते. दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी, लहानथोर सर्व तासभर एकत्र बसतील आणि वर्षाच्या शेवटी हिशेब वाचला जाईल, असे किती ठिकाणी होते? बौद्धांनी नियमाने विहारात जावे हा बाबासाहेबांचा आग्रह होता. तो आग्रह अमलात कसा आणायचा, याचा एक नमुना बोळापलीकडे चालू आहे. त्यातील देव न घेता त्यातील शिस्त घेता येते.

४. प्याला

पुष्कळ ठिकाणी महिन्यातील एखाद्या रविवारी, बहुधा पहिल्या, प्रभुभोजन असते. येशूने मरणापूर्वी शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ही आठवण. पावाचे किंवा पोळीचे तुकडे आणि द्राक्षरस. कुठे एकच प्याला सर्वांच्या ओठांना लागतो, कुठे तुकडा रसात बुडवून देतात, कुठे लहान लहान प्याले असतात.

ज्या समाजात पाणी वरून ओंजळीत ओतले जात होते, त्या समाजात एका प्याल्यातून पिणे याचा अर्थ काय, हे २० मार्च १९२७ चे महाड ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ब्राह्मण ख्रिस्त्याला हा प्याला ओलांडायला कठीण गेला. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त सोवळ्याशी झालेला आपला झगडा मोकळेपणाने लिहिला आहे. महाराच्या बाजूने पाहिले तर त्याच्या नंतर कोणी तोच प्याला तोंडाला लावणे, हे त्याच्या आयुष्यात प्रथम घडत होते.

आता पाहुण्याची अडचण. प्रभुभोजन हे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि मंडळीत दाखल झालेल्या सभासदांसाठी असते. तेव्हा प्याला आपल्यासमोरून पुढे जातो. आपल्यापैकी काहींना ते झोंबेल, आणि ते झोंबणे समजण्यासारखे आहे. तोंडासमोरून पाणी पुढे नेल्याची आठवण आपल्या घराघरात आहे. परंतु येथे फरक करावा लागतो. ही मर्यादा दीक्षेची आहे, जन्माची नाही. ज्याला ती ओलांडायची आहे त्याला दार उघडे आहे, आणि ज्याला नाही त्याचा कोणी विटाळ मानीत नाही. मात्र जिथे कुठे दीक्षा घेतलेल्यालाही जन्मावरून मागे ठेवले गेले, तिथे हा प्याला खोटा ठरतो. दक्षिणेतील अस्पृश्य ख्रिस्त्यांनी सायमन कमिशनपुढे दिलेल्या निवेदनाचा आधार घेऊन बाबासाहेबांनी हेच दाखविले होते. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही २०१६ साली दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये जातिभेद आहे हे मान्य केले.

दाराबाहेर

आशीर्वाद होतो, लोक बाहेर येतात, ‘जय ख्रिस्त’ म्हणून हात मिळवितात, चहा होतो. अभ्यासाचा पुढचा भाग येथून सुरू होतो. मुलींची लग्ने कुठे जुळतात? पूर्वाश्रमीच्या महार ख्रिस्त्याची मुलगी पूर्वाश्रमीच्या मांग ख्रिस्त्याच्या घरी दिली जाते काय? एका प्याल्यातून पिणारे व्याही होतात काय? मी विचारले तेव्हा एक गृहस्थ हसून म्हणाले, “सर, प्याला देवाचा असतो, पोरगी आपली असते.” हे वाक्य ख्रिस्त्यांनाच लागू आहे असे समजू नये. बौद्ध आणि मातंग यांच्या संबंधांत आपण काय केले, हे आपणही स्वतःला विचारावे.

आणि मग तो दाखला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेर राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागास वर्गात धरले जाते. तामिळनाडूत रस्त्यावर बसणाऱ्या चर्मकारांना टपऱ्या देण्याची सरकारी योजना होती. सुसाई या आदिद्राविड चर्मकाराला तो ख्रिस्ती आहे म्हणून टपरी नाकारली गेली. त्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली फेटाळली. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितक्याच तीव्रतेने चालू राहतो याचा पुरेसा पुरावा पुढे आला नाही, असे न्यायालयाने म्हटले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ साली केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमला.

यातील पेच नीट समजून घ्यावा. दर्जा मागायचा तर ‘आमच्यात जात आहे’ असे चर्चला जाहीर म्हणावे लागते. आणि उपासनेत तर ‘आमच्यात जात नाही’ असे गावे लागते. आपणही हा पेच अनुभवला आहे. बौद्धांना सवलती नाकारल्या गेल्या तेव्हा ३४ वर्षे आपण हेच सांगत होतो की, धर्म बदलल्याने गाव बदलत नाही. गावाच्या डोळ्यांत आपण तेच राहतो. हा युक्तिवाद १९९० साली आपल्यासाठी मान्य झाला. तो बोळापलीकडच्या चुलत भावासाठी चालत नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार? वाटेकरी वाढतील ही भीती खरी आहे, ती दडवून ठेवू नये. तिचे उत्तर वाटा वाढवून मागण्यात आहे, भावाला बाहेर ठेवण्यात नाही.

बाबासाहेब १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलले. बौद्ध आणि ख्रिस्ती या दोन धर्मांविषयीची आपुलकी त्यांनी तिथे सांगितली आणि त्याबरोबरच जातिभेद पाळणाऱ्या चर्चवर व राजकारणात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती समाजावर टीकाही केली. त्यांनी समोर उभे राहून, आपलेपणाने दोष दाखविले. आपला मार्ग तोच असावा.

विद्यार्थ्यांना माझी सूचना आहे. आपल्या तालुक्यातील एका छोट्या मंडळीत, निरोप देऊन, ओळीने चार रविवार बसा. एका रविवारी जागा पाहा, एका रविवारी शब्द ऐका, एका रविवारी वही मागा. चौथा रविवार प्रभुभोजनाचा निवडा. ऐकलेले त्याच दिवशी घरी येऊन लिहा. म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या मास्तरांची आणि कीर्तनकारांची नावे उतरवून घ्या. ती माणसे आहेत तोवरच हे काम होईल. शिक्षकांनी या नोंदी तपासून द्याव्यात. आणि कार्यकर्त्यांनी पाचव्या रविवारी त्या मंडळीतील चार माणसांना आपल्या विहारात बोलवावे, त्यांना पुढच्या सतरंजीवर बसवावे, आणि आपल्या विहाराची जमाखर्चाची वही त्यांच्यापुढे ठेवावी. वही नसेल तर ती त्याच रविवारी घालावी.